जबड्याचं ऑपरेशन खरंच लागणार आहे का? गरज कशी तपासून घ्यायची

माझ्या केस पेपरवर ऑपरेशनचं कारण म्हणून लिहिलेली पहिली ओळ पालेभाजीबद्दल आहे. ‘पुढच्या दातांनी देठ तुटत नाही, अख्खा घशात जातो, ठसका लागतो.’ ही ओळ कागदावर यायला सात वर्षं लागली. तोवर घरी, नातेवाइकांत आणि दवाखान्यातही बोलणं व्हायचं ते चेहऱ्याबद्दल. हनुवटी पुढे आहे, लग्नाआधी काही करता येईल का, वगैरे. जेवताना काय होतं हे कुणी विचारलं नाही, आणि मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही, कारण मी लहानपणापासून तशीच जेवत आले होते.

दातांना तारा लावायला गेल्यावर ‘नुसत्या तारांनी भागणार नाही, जबड्याचं ऑपरेशन करावं लागेल’ असं ज्यांना सांगितलं गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. निदान तुमचे डॉक्टरच करतील. पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा ते काय मोजतायत, कशाला किती वजन देतायत आणि तुमच्याकडून कोणती माहिती त्यांना मिळायला हवी, एवढं कळलं तर पुष्कळ गोंधळ टळतो.

## १. आधी दोन प्रश्न वेगळे करा

पहिला प्रश्न: माझ्या जबड्यामुळे तोंडाचं कोणतं काम नीट होत नाही? चावणं, तोडणं, ओठ मिटणं, झोपेत श्वास घेणं, दात आणि हिरड्या शाबूत राहणं. दुसरा प्रश्न: मला माझा चेहरा वेगळा हवा आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. आरशात पाहणं टाळण्यात माझं कॉलेज गेलं, त्यामुळे तो त्रास किती खरा असतो हे मला माहीत आहे. पण त्याचं मूल्यमापन वेगळ्या पद्धतीनं होतं आणि गरज पडली तर समुपदेशकाकडेही पाठवतात. हे दोन्ही प्रश्न एकत्र केले की कामाचा प्रश्न मागे पडतो. डॉक्टर फोटो बघतात, तुम्ही फोटोबद्दल बोलता, आणि जेवणाचा विषयच निघत नाही.

## २. तपासणीआधी पंधरा दिवस वही ठेवा

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत उपयोगी पायरी हीच. आणि फुकट.

जन्मापासून जबडा तसाच असेल तर आपण नकळत असंख्य पळवाटा शोधलेल्या असतात. ‘खाताना त्रास होतो का?’ असं विचारलं की आपण सरळ ‘नाही’ म्हणतो. मीही म्हटलं होतं. मग एका शिकाऊ डॉक्टरांनी विचारलं, ‘कणीस कसं खाता?’ मी म्हटलं, दाणे हाताने सोडवून. ‘पेरू?’ फोडी करून, दाढेनं. ‘वडापाव?’ बाजूनं, मान वाकडी करून. त्यांनी हे सगळं लिहून घेतलं, तेव्हा कुठे मला कळलं की मी कधीच समोरच्या दातांनी काही तोडलेलं नाही.

म्हणून पंधरा दिवस रोजच्या जेवणाची नोंद ठेवा. यातलं काय होतं ते पाहा:

- भाकरी, पाव, चिक्की, पेरू, गाजर पुढच्या दातांनी तुटतं का, की हाताने मोडावं लागतं?
- मेथी, शेपू, शेवग्याच्या शेंगा, शेवया यांचे धागे तुटतात की लोंबत राहतात?
- घास किती वेळ चघळावा लागतो? सगळे उठल्यावर ताटावर तुम्ही एकटेच उरता का?
- न चावता गिळलं जातं का? ठसका किती वेळा लागला?
- खालचे दात टाळूला किंवा वरच्या दातांमागच्या हिरडीला टोचतात का? तिथे जखम होते का?
- गाल किंवा जीभ वारंवार चावली जाते का?
- चारचौघांत खाणं टाळता का? लग्नात पंगतीला बसायचं टाळता का?
- सकाळी उठल्यावर तोंड कोरडं असतं का? घोरता का? हे घरच्यांना विचारा, स्वतःला कळत नाही.

नोंद सुटसुटीत हवी. ‘मंगळवार, ज्वारीची भाकरी, हाताने तुकडे, डाव्या दाढेनं चावली, ३५ मिनिटं.’ एवढंच. वाढवून लिहू नका. तपासणाऱ्याला तुमचे दात दिसत असतातच, आणि एक नोंद खोटी वाटली की बाकीच्यांवरचाही विश्वास जातो.

## ३. सोबत न्यायची कागदपत्रं

- तारा लावण्यापूर्वीचे चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो. समोरून, बाजूने, हसताना आणि ओठ सैल सोडून.
- दातांचे साचे किंवा स्कॅन.
- पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी.
- डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, म्हणजे लॅटरल सेफॅलोग्राम. जुना असेल तर तोही. प्रत्येकावर तारीख हवी.
- आधी दात काढले असतील, तारा लावल्या असतील तर त्याचे कागद.
- अपघात, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, जबड्याची गाठ यांची आधीची कागदपत्रं.
- झोपेची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल.
- चालू औषधं आणि इतर आजारांची यादी.
- आरोग्य विमा असेल तर पॉलिसीची संपूर्ण प्रत, फक्त कार्ड नव्हे.

जुने कागद मिळवण्यात हयगय करू नका. पंधराव्या वर्षी मी पहिल्यांदा तारा लावल्या तेव्हाचे साचे त्या दवाखान्याने टाकून दिले होते. त्यामुळे माझा जबडा मुळात किती पुढे होता हे पुढे कुणालाच नेमकं सांगता आलं नाही. तारा लावण्याआधी आपल्या एक्स-रेची आणि फोटोंची प्रत मागून घ्या.

## ४. खुर्चीत बसल्यावर काय मोजतात

ऑर्थोडॉन्टिस्टच्या, म्हणजे तारा लावणाऱ्या दंततज्ज्ञाच्या, हातात छोटी मोजपट्टी असते. ते सहसा पुढच्या गोष्टी बघतात.

दातांमधलं पुढे-मागे अंतर. खालच्या पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूपासून वरच्या सर्वांत पुढे आलेल्या दाताच्या दर्शनी बाजूपर्यंत. वरचे दात नेहमीपेक्षा पुढे असतील तर वाढलेलं ओव्हरजेट, खालचे पुढे असतील तर उलटं ओव्हरजेट.

उभी फट. दाढा मिटल्यावरही पुढचे दात एकमेकांना टेकत नसतील तर मधलं अंतर. याला ओपन बाइट म्हणतात. याच्या उलट, वरचे दात खालच्यांना फार झाकत असतील (याला खोल चावा म्हणतात; चावा म्हणजे मिटल्यावर दात एकमेकांवर कसे बसतात ते) तर खालचे दात टाळूला लागतात का हे बघतात.

ओठ सैल असताना दिसणारी हिरडी. हसताना नव्हे, ओठ सैल असताना. ‘मामा’ म्हणा आणि ओठ तसेच सैल सोडा. त्यानंतर जे दिसतं ते मोजतात. हसताना हिरडी दिसते म्हणून घाबरून येणारे पुष्कळ असतात, पण इथे ते माप नाही.

वाकडेपणा. हनुवटी मधल्या रेषेपासून किती सरकली आहे, आणि दातांची रेघ एका बाजूला कलली आहे का. दाढांमध्ये आडवी लाकडी पट्टी धरायला सांगतात आणि ती डोळ्यांच्या रेषेला समांतर आहे का बघतात.

इथे एक सापळा आहे. काही जणांचे पुढचे दात मिटताना आधी टोकाला टोक लागतात आणि मग आरामासाठी जबडा पुढे सरकतो. अशांचा जबडा दिसतो तेवढा पुढे नसतो. म्हणून जबडा मागे नेऊन, पहिला स्पर्श कुठे होतो हे बघणं गरजेचं असतं. तपासणीत हे झालं नाही तर नम्रपणे विचारा: ‘माझा जबडा मिटताना सरकतो का?’

एक्स-रेवर कोनही मोजतात. वरचा जबडा आणि खालचा जबडा यांच्यातल्या फरकाचा कोन, एएनबी, साधारण २ अंश असतो. तो उणे झाला की खालचा जबडा तुलनेने पुढे. पण फक्त कोनावरून ऑपरेशन ठरत नाही. कोन हाडांचं नातं सांगतो. तुम्हाला कणीस खाता येतं का, हे त्यातून कळत नाही.

## ५. गरजेचा तक्ता समजून घ्या

जबड्याच्या ऑपरेशनची कामापुरती गरज मोजण्यासाठी २०१४ साली इंग्लंडमध्ये अँथनी आयर्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तक्ता प्रसिद्ध केला. त्याचं छोटं नाव आयओएफटीएन. त्याआधी तारांची गरज मोजणारा तक्ता होता, १९८९ चा, पण नुसत्या तारांनी भागेल की हाडाला हात लावावा लागेल हा फरक त्यातून कळत नव्हता. माझ्या सरकारी दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी मला याच तक्त्यावरून समजावलं. तुमच्याकडे तो वापरतीलच असं नाही, पण विचार करण्याची पद्धत म्हणून तो फार चांगला आहे.

एक अट नीट लक्षात ठेवा. हा तक्ता अशांसाठीच आहे ज्यांचा दोष हाडात आहे, फक्त तारांनी सुधारणारा नाही आणि ज्यांची चेहऱ्याची वाढ पूर्ण झाली आहे, म्हणजे सहसा १८ वर्षांनंतर. बारा वर्षांच्या मुलाचे दात १० मिमी पुढे आहेत म्हणून त्याला या तक्त्यात बसवणं चूक ठरेल. त्या वयात वाढीला वळण देणारी उपकरणं असतात.

गरज पाच पायऱ्यांत मांडली आहे. ५ म्हणजे फार मोठी, १ म्हणजे कामाच्या दृष्टीने नाही.

पायरी ५: दुभंगलेला ओठ-टाळू किंवा कवटी-चेहऱ्याचे इतर जन्मजात दोष, ९ मिमीपेक्षा जास्त ओव्हरजेट, ३ मिमी किंवा जास्त उलटं ओव्हरजेट, ४ मिमी किंवा जास्त ओपन बाइट, एका बाजूच्या सगळ्या वरच्या दाढा खालच्यांच्या पूर्ण बाहेरून बसणं आणि त्याने त्रास किंवा इजा होणं, इतर उपायांनी न सुधारणारा स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), अपघाताने किंवा आजाराने जबडा बिघडून चावा बिघडणं.

पायरी ४: ६ ते ९ मिमी ओव्हरजेट, ३ मिमीपेक्षा कमी उलटं ओव्हरजेट, पण कामात त्रास असेल तर, ४ मिमीपेक्षा कमी ओपन बाइट, तोही त्रासासह, खोल चावा आणि त्याने दाताला किंवा हिरडीला इजा, ओठ सैल असताना ३ मिमी किंवा जास्त हिरडी, वाकडेपणा आणि त्यामुळे बिघडलेला चावा.

पायरी ३: पायरी ४ मधलंच लहान उलटं ओव्हरजेट किंवा लहान ओपन बाइट, पण कामात त्रास नाही. चावा न बिघडवणारा वाकडेपणाही इथेच. ३ मिमीपेक्षा कमी हिरडी दिसते, पण तिला त्रास झाल्याची चिन्हं आहेत, तर तेही इथे.

पायरी २ आणि १ मध्ये इजा न करणारा खोल चावा, त्रास नसलेली थोडी हिरडी, आणि बाकी सौम्य गोष्टी येतात.

आता ४ आणि ३ पुन्हा वाचा. माप तेच, फरक फक्त एका वाक्याचा: कामात त्रास आहे की नाही. माझं उलटं ओव्हरजेट २ मिमी होतं. वहीशिवाय मी पायरी ३ वर होते, वहीमुळे ४ वर गेले. म्हणूनच वहीच्या मुद्द्यावर मी एवढं रेंगाळले.

## ६. बोलणं आणि कानापुढचा सांधा

या दोन गोष्टींनी माझा फार गोंधळ उडाला होता, कारण तक्त्यात दोन्ही पायरी १ वर आहेत.

खालचा जबडा पुढे असला की ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना वरचा ओठ खालच्या दातांना लागतो. ओपन बाइट असली की ‘चमचा’, ‘जहाज’, ‘झाड’ यातले दंत्य उच्चार आणि ‘स’ जिभेतून निसटतात. त्रास खराच आहे. पण जीभ आयुष्यभर त्या जबड्याशी जुळवून घेत आलेली असते, आणि ऑपरेशनने बोलणं सुधारेल याची खात्री देता येत नाही. म्हणून केवळ बोलण्यासाठी हाड कापणं योग्य मानत नाहीत. वाचा-उपचारतज्ज्ञांकडे आधी जातात. टाळू दुभंगलेल्यांनी तर आणखी जपावं: वरचा जबडा पुढे आणल्यावर मऊ टाळू मागे नीट मिटेनासा होऊन आवाज नाकातून येऊ शकतो. त्यांनी ऑपरेशनपूर्वी आवाजाची तपासणी करून घेतलीच पाहिजे.

सांध्याचंही तसंच. कटकट आवाज, दुखणं, तोंड कमी उघडणं, फक्त एवढ्यासाठी हे ऑपरेशन सांगितलं जात असेल तर दुसरं मत नक्की घ्या. व्यायाम, स्प्लिंट (दातांवर बसवायची पट्टी), फिजिओथेरपी आधी. सांधा दुखत असेल तर तो शांत करून मगच चावा मोजलेला बरा.

## ७. घोरण्याकडे दुर्लक्ष नको

खालचा जबडा लहान आणि मागे असेल, घोरणं असेल, झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा पेंग येत असेल तर झोपेची तपासणी करा. तिच्यात दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला याचा आकडा येतो. प्रौढांमध्ये ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तक्त्यातली पाचवी पायरी लागू व्हायला सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) किंवा जबडा पुढे धरणारं उपकरण वापरून पाहिलेलं असावं लागतं. मशीन आणून कपाटात ठेवलं असेल तर तसं खरं सांगा. ते का सोसलं नाही हेही सांगा.

## ८. वाढ थांबली आहे का?

खालचा जबडा सगळ्यात शेवटी वाढायचा थांबतो, मुलांमध्ये तर विशीच्या आसपासही. वाढ चालू असताना ऑपरेशन केलं तर जबडा पुन्हा पुढे येऊ शकतो. वय सांगून भागत नाही. काही महिन्यांच्या, बहुतेकदा सहा ते बारा महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन सेफॅलोग्राम एकमेकांवर ठेवून बघतात. हनुवटी एकाच बाजूला सरकत चालली असेल तर एका सांध्याचं टोक वाढत असण्याची शक्यता असते; मग हाडाचं स्कॅन करून ती वाढ चालू आहे का पाहतात.

## ९. झाकायचं की हाड हलवायचं, हे दात काढण्याआधी ठरवा

हा या लेखातला सर्वांत महागडा सापळा, आणि मी त्यात सापडले.

पंधराव्या वर्षी एका खाजगी दवाखान्यात माझ्या खालच्या दोन उपदाढा काढल्या आणि खालचे पुढचे दात आत ओढून वरच्यांच्या मागे बसवले. चावा वरवर जुळला. याला कॅमफ्लाज म्हणतात, आणि सौम्य दोषात तो अगदी योग्य उपाय असतो. पण माझी वाढ चालू होती. कुणी सांगितलं नाही की पुढे ऑपरेशन लागू शकतं. बाविसाव्या वर्षी दात पुन्हा उलटे झाले, तेही आत झुकलेल्या अवस्थेत, त्यामुळे २ मिमीच दिसत होते.

ऑपरेशनपूर्वीच्या तारांचं काम कॅमफ्लाजच्या नेमकं उलटं असतं: दात हाडाच्या मधोमध सरळ उभे करायचे, म्हणजे हाडातला दोष पूर्ण उघडा पडतो. यात चावा आणखी वाईट दिसतो. माझी बंद केलेली जागा पुन्हा उघडावी लागली आणि २ मिमीचे ६ मिमी झाले. एक वर्ष जादा गेलं. म्हणून कोणताही पक्का दात काढायच्या आधी विचारा: ‘हा दात काढून आपण ऑपरेशनची तयारी करतोय की ऑपरेशन टाळतोय?’ आणि प्रत्येक मापासमोर लिहून घ्या की ते तारांच्या आधीचं आहे की नंतरचं.

## १०. एकत्र बैठक आणि लेखी पत्र

अंतिम निर्णय ऑर्थोडॉन्टिस्ट आणि मॅक्सिलोफेशियल सर्जन (जबड्याचं ऑपरेशन करणारे) दोघांनी एकत्र बसून घ्यावा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात. खाजगीत दोघे वेगळीकडे असतील तर तुमच्यासमोर एकदा तरी भेट घडवून आणा, निदान व्हिडिओवर. त्यांना हे विचारा:

- माझ्या वहीतल्या कोणत्या तक्रारी ऑपरेशनने जातील, आणि कोणत्या राहतील?
- काहीच केलं नाही तर दहा वर्षांनी दातांचं, हिरड्यांचं काय होईल?
- एक जबडा हलवायचा की दोन्ही?
- खालच्या ओठाचा बधिरपणा किती दिवस राहील, आणि तो कायम राहण्याची शक्यता किती? खालच्या जबड्याच्या ऑपरेशनमध्ये त्याच हाडातून जाणारी नस दुखावू शकते, हे आधीच माहीत हवं.
- अक्कलदाढा आधी काढायच्या का? किती महिने आधी?

गरज जास्त आहे याचा अर्थ ऑपरेशन केलंच पाहिजे असा नाही. पायरी ५ वर असूनही ‘नको’ म्हणणारे लोक मला भेटले, आणि धोका समजून घेऊन घेतलेला तो त्यांचा निर्णय होता.

शेवटी पत्र. विम्यात कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार यांना त्यातून सूट असते, आणि ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. शिवाय दंतोपचार आणि बाहेरून दिसणारे जन्मजात दोष यांची कलमं वेगळी वाचा. दावा मंजूर होईलच असं नाही, पण ‘चेहरा सुधारण्यासाठी’ असं लिहिलेल्या पत्रावर तो अडणार हे नक्की. सरकारी योजनेतून करायचं असेल तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना (योजनेबद्दल रुग्णांना मदत करणाऱ्यांना) दाखल होण्याआधी भेटा.

पत्रात निदान, मिलिमीटरमधली मापं आणि त्यांची तारीख, कामातले त्रास, आधी केलेले उपाय, दोन्ही डॉक्टरांच्या सह्या आणि नोंदणी क्रमांक असू द्या. ऑपरेशनची तारीख ठरण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी पूर्वमंजुरी मागा, आणि मूळ पत्र कुणालाही देऊ नका, प्रतच द्या.